बेसा ते सदर, रोजची गर्दी: गाडी चालवायची भीती वाटणाऱ्या ताईंना सविस्तर उत्तर

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ राहील. तुम्ही नोकरीसाठी यवतमाळहून नागपूरला आलात. राहायला बेसाला, ऑफिस सदरला. लायसन्स दोन वर्षांपूर्वीचं, गाडी लहान आणि गिअरची. सहा वर्षांच्या मुलीला वाटेत शाळेत सोडता. अजनी चौकाच्या पुढे दोन्ही बाजूंनी टू-व्हीलर शिरायला लागल्या की हातपाय गार पडतात, बर्डीच्या (सीताबर्डीच्या) चौकात गाडी बंद पडते, मागचे हॉर्न वाजवतात. घरचे म्हणतात, "बिनधास्त घुसव, लोक आपोआप थांबतात." रात्री नऊला परतताना वर्धा रोड मोकळा मिळतो तेव्हा कुठे जीव भांड्यात पडतो. तुम्ही विचारलंय की ही भीती घालवायची कशी, आणि ऑटोमॅटिक गाडी घ्यावी का.

मी नागपुरात कार शिकवतो. शिकणाऱ्याच्या डाव्या हाताला बसायचं, पायाखाली जादा क्लच आणि ब्रेक, आणि दिवसभर चौक, बाजार, फ्लायओव्हर. बरीच वर्षं हेच काम केल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे, आणि तुमचा प्रश्न वाचताना तेच पुन्हा मनात आलं. तुमच्या सगळ्या वर्णनात मला बर्डीची काळजी वाटली नाही. काळजी वाटली ती रात्री नऊच्या त्या मोकळ्या वर्धा रोडची.

गर्दीत गाड्या घासतात. माणसं दगावतात ती गर्दी सुटल्यावर. बर्डीतल्या व्हेरायटी चौकात संध्याकाळी सहाला तुमची गाडी ताशी १० च्या पुढे जात नाही. त्या वेगात आरसा मोडेल, बंपर चेपेल, कोणी काच ठोकून शिवी देईल. त्रास खरा आहे, पण घरी सगळे धड पोचतात. ताशी ६० ला हिशोबच बदलतो, आणि हा हिशोब मी प्रत्येक शिकाऊ माणसाला कागदावर करून दाखवतो.

ताशी ३० म्हणजे सेकंदाला आठ मीटरच्या थोडं वर, ४० म्हणजे अकरा मीटर, ६० म्हणजे जवळपास सतरा मीटर. समोर काही आडवं आलं हे डोळ्यांना दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत सावध माणसालाही एक सेकंद लागतो. दिवसभर ऑफिस करून दमलेल्या माणसाला त्याहून जास्त. त्यानंतर ब्रेक लागून गाडी थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतं, म्हणजे वेग दुप्पट केला की ते अंतर चौपट होतं. कोरडा रस्ता आणि चांगले टायर धरले तर ३० ला गाडी एकूण तेरा-चौदा मीटरमध्ये थांबते, ४० ला वीस मीटरमध्ये, ६० ला सदतीसच्या आसपास. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. ३० ने येणारी गाडी ज्या जागी थांबून उभी राहिली, त्या जागेपर्यंत ६० ने येणाऱ्याने अजून ब्रेकला पायही लावलेला नसतो. पावसात हे अंतर आणखी वाढतं.

म्हणून तुमची भीती घालवायचा मी प्रयत्न करणार नाही. ती थोडी जागेवरून हलवायची आहे. बर्डीतली भीती कमी करता येते, कारण ती बहुतेक गाडी हातात नसल्याची आहे आणि सरावाने जाते. आणि रात्रीच्या मोकळ्या रस्त्यावर जो निवांतपणा येतो, तिथे थोडी भीती हवी.

पुढचं सगळं परिस्थितीवर अवलंबून आहे हे आधीच सांगतो. तुम्ही कितीला निघता, मुलगी कुठे बसते, रात्री समोरचे दिवे डोळ्यांवर येतात का, गाडीचा क्लच किती झिजलाय, यावर उत्तर बदलतं. रात्री दिव्यांभोवती वलयं दिसत असतील तर पहिलं काम डोळे तपासायचं, माझे सल्ले नंतर.

आता बर्डीत गाडी बंद पडण्याचं बघू. ती बंद पडते कारण त्या क्षणी तुमचं सगळं लक्ष मागच्या हॉर्नवर असतं आणि डावा पाय घाईने वर येतो. गाडीला याने काही होत नाही, पण माणूस खचतो. रविवारी एखाद्या मोकळ्या मैदानात जा. पहिला गिअर टाका, अॅक्सिलरेटरला पाय लावूच नका. फक्त क्लच हळूहळू सोडत गाडी सरकवा, पुन्हा दाबून थांबवा. क्लच नेमका कुठे पकडतो ती जागा पायाला सापडली पाहिजे. गाडी किंचित थरथरते, इंजिनचा आवाज खाली बसतो, तीच ती जागा. तासभर एवढंच करा. पुढच्या रविवारी सेमिनरी हिल्सच्या चढावर, सकाळी फिरायला येणाऱ्यांची वर्दळ ओसरल्यावर, हँडब्रेक लावून गाडी उभी करा आणि हाफ क्लच (क्लच पकडतो तीच जागा) धरून हँडब्रेक सोडायचा सराव करा. गाडी मागे न सरकता वर निघायला लागली की तुमचं अर्धं काम झालं, कारण मग फ्लायओव्हरच्या चढावर अडकलात तरी मागच्याच्या अंगावर जाण्याची धास्ती राहत नाही. फक्त हाफ क्लचवर गाडी ताटकळत ठेवायची सवय लावू नका. क्लच प्लेट जळते, आणि जळका वास आला की समजा थांबायला हवं होतं.

आणि तरीही चौकात बंद पडलीच तर क्रम ठरवून ठेवा: ब्रेक, क्लच पूर्ण दाबायचा, चारही इंडिकेटर चालू, न्यूट्रल, सेल्फ, पहिला गिअर. पाच-सात सेकंदांचं काम आहे. मागे हॉर्न वाजतोय म्हणजे त्याला घाई आहे, एवढाच त्याचा अर्थ. तो तुम्हाला गाडी कशी सुरू करायची हे सांगू शकत नाही.

घरच्यांचं "घुसव" हे अगदीच चूक नाही. जिथे सिग्नल नाही किंवा बंद आहे अशा चौकात कोणी आपणहून वाट देईल म्हणून थांबून राहिलात तर थांबूनच राहाल. पण मी घुसवायला शिकवत नाही, सरकायला शिकवतो. पहिला गिअर, माणूस चालतो तेवढा वेग, आणि मुख्य म्हणजे वेग एकसारखा. थांबायचं, मग झटका देऊन पुढे यायचं, पुन्हा कचकन थांबायचं, असं झालं की आडव्या येणाऱ्याला अंदाज लागत नाही आणि तोही दचकून काहीतरी करतो. एकसारखी सरकणारी गाडी त्याला दोन-तीन सेकंद आधीच दिसते. मग बहुतेक जण वेग कमी करतात किंवा मागून निघून जातात. बहुतेक जण, सगळे नाही. एखादा मुलगा मोबाइल कानाला लावून येत असतो, एखाद्या सायकलला ब्रेकच नसतो. म्हणून सरकताना उजवा पाय ब्रेकवर टेकलेला ठेवायचा, आणि जो थांबत नाही त्याच्यासाठी आपण थांबायचं. एका चौकात दोन-तीन वेळा तसं थांबावं लागलं तरी तुमचं काही गेलं नाही.

आता टू-व्हीलर. नागपूरच्या रस्त्यावर खरं वाचन त्यांचंच करायचं असतं, आणि इथे मी जरा जास्त वेळ घेतो.

पहिली गोष्ट, चालवणाऱ्याच्या तोंडाकडे बघू नका, त्याच्या पुढच्या चाकाकडे बघा. माणूस एकीकडे पाहतो आणि दुसरीकडे वळतो, पण चाक जिकडे वळलं तिकडेच गाडी जाणार. त्यातही आपल्या उन्हात तोंडाला स्कार्फ बांधल्याशिवाय कोणी निघत नाही, आणि ते बरोबरच आहे. ४५ अंशांत दुसरं काय करणार? पण स्कार्फ, त्यावर गॉगल, म्हणजे बाजूचं दिसणं कमी आणि ऐकू येणंही कमी. चालवणाऱ्याने मान थोडी वळवली म्हणजे त्याला आपली गाडी दिसली असं धरून चालू नका. शेजारून पुढे जायच्या आधी हॉर्नचा एक छोटा आवाज द्या आणि चाक सरळ आहे ना ते बघा. उगाच हॉर्नवर हात दाबून ठेवला की समोरचा घाबरतो किंवा चिडतो, आणि दोन्ही वेळा तो भलतीकडे वळतो.

दुसरी गोष्ट, ते आपल्या दाराला चिकटून का येतात हे समजून घ्या. आपल्याकडे बऱ्याच रस्त्यांचं सिमेंटीकरण झालं आणि कडेला गट्टू (सिमेंटचे ब्लॉक) बसले. सिमेंट आणि गट्टू यांच्या सांध्यावर उंचीचा फरक पडला असेल तर टू-व्हीलरचं चाक तिथे घसरतं. सांधा ओला असेल तर विचारूच नका. म्हणून ते कडेला न जाता रस्त्याच्या आत राहतात. पुढे खड्डा, गटाराचं झाकण किंवा उभी गाय असेल तर टू-व्हीलर आत येणारच. तुम्हाला त्याचा खड्डा त्याच्याआधी दिसतो, कारण तुम्ही मागून आणि थोडं उंचावरून बघताय. त्याला आत यायला जागा तिथेच देऊन टाका. एक मीटर अंतर ठेवून ओलांडता येत नसेल तर ओलांडू नका, मागे राहा.

तिसरी गोष्ट, डावं वळण. मी शिकवताना सर्वात जास्त वेळा माझा ब्रेक दाबतो तो इथे. आपण डावा इंडिकेटर देतो, वेग कमी करतो, आणि नेमकी तेव्हाच मागची स्कूटर आपल्या आणि फुटपाथच्या मधल्या फटीतून पुढे काढायला बघते. तिच्या दृष्टीने पुढची गाडी हळू झाली आणि जागा मोकळी झाली. उपाय सोपा आहे, पण आधीपासून करावा लागतो. वळणाच्या पन्नासेक मीटर आधी आरशात बघून इंडिकेटर द्या आणि हळूहळू डावीकडे सरका, इतकं की फट उरणारच नाही. मग वळायच्या ऐन क्षणी डावा आरसा आणि खांद्यावरून एक नजर. आरशात न दिसणारी एक जागा प्रत्येक गाडीला असते, आणि एक अख्खी स्कूटर तिथे मावते.

आरसे मी शिकाऊ लोकांना असे लावायला सांगतो: आपल्याच गाडीचं मागचं दार आरशाच्या अगदी कडेला पुसटसं दिसावं, बाकी सगळा रस्ता. बरेच जण अर्ध्या आरशात स्वतःची गाडी बघत असतात. सीटही शक्य तेवढी उंच करा. बॉनेट आणि डावा कोपरा जितका कळेल तितकी गर्दीत घालमेल कमी होते.

पुढच्या गाडीपासून किती अंतर ठेवायचं? चालत्या रस्त्यावर दोन सेकंदांचं. पुढची गाडी एखादा खांब ओलांडते तेव्हा मनात "एक हजार एक, एक हजार दोन" म्हणा. ते म्हणून व्हायच्या आत तुम्ही खांबापाशी पोचलात तर फार जवळ आहात. यावर मला सगळे एकच म्हणतात, "सर, एवढं अंतर ठेवलं की लगेच कोणीतरी मध्ये घुसतो." घुसू द्या. पाय अॅक्सिलरेटरवरून थोडा उचला, अंतर पुन्हा तयार होतं. अजनीपासून बर्डीपर्यंत दहा जण मध्ये शिरले आणि प्रत्येकाने तुमचे दोन सेकंद घेतले, तरी वीस सेकंद गेले. एका सिग्नलला याहून जास्त वेळ जातो. सिग्नलवर थांबताना पुढच्या गाडीचे मागचे टायर जमिनीला टेकलेले दिसतील एवढं मागे थांबा. ती मागे सरकली किंवा बंद पडली तर बाजूने काढायला जागा राहते.

ऑटो आणि ई-रिक्षा यांच्या बाबतीत गाडीपेक्षा कडेच्या माणसांकडे लक्ष द्या. कडेला कोणी हात वर केला की तुमच्या पुढचा ऑटो थांबणार, इंडिकेटरची वाट बघू नका. त्यांचं पोट त्या सवारीवर आहे, ते थांबणारच. 'आपली बस' (शहर बस) थांब्यावर उभी असेल तर तिच्या पुढून कोणीतरी पळत येणार असं धरूनच वेग कमी करा. मेडिकल आणि मेयो या रुग्णालयांच्या आसपासच्या रस्त्यांवर तर मी सगळ्यांना खास बजावतो. तिथे रस्ता ओलांडणाऱ्याच्या हातात डबा असतो, एक्स-रेचं पाकीट असतं, आणि त्याचं मन वॉर्डात असतं. त्याला गाडी दिसत नाही. आपल्यालाच त्याला बघावं लागतं.

डिपर कोणी मारला, म्हणजे हेडलाइट क्षणभर चमकवले, तर "तुम्ही निघा" असा अर्थ लावू नका. आपल्याकडे त्याचा अर्थ बहुतेक वेळा "मी येतोय, थांबा" असा असतो, कधी क्वचित उलटा. समोरच्या गाडीचा वेग खरंच कमी झाला का, हे बघून ठरवा.

सिग्नलचंही तसंच. हिरवा लागला की लगेच सुटू नका. आडव्या रस्त्यावरचा कोणीतरी शेवटच्या सेकंदाला काढत असतो, आणि आकडे दाखवणारा सिग्नल असेल तर आपल्या बाजूचे काही जण तीन सेकंद उरले असतानाच निघालेले असतात. दोघांची गाठ चौकाच्या मध्यावर पडते. डावी-उजवी नजर टाका, मग क्लच सोडा. मे महिन्यात भर दुपारी काही चौकांतले सिग्नल बंद ठेवतात, लोकांना उन्हात ताटकळावं लागू नये म्हणून. तो चौक रोजचा असला तरी त्या वेळी बिनसिग्नलचाच समजा.

एवढं सगळं एकदम जमणार नाही, आणि एकदम करूही नका. आधी मैदानातला क्लच, मग दोन सेकंदांचं अंतर, मग टू-व्हीलरचं पुढचं चाक. या तीन गोष्टी अंगात मुरल्या की बर्डीतला घाम बराच कमी होतो, असा माझा अनुभव आहे.

आता त्या रात्रीच्या वर्धा रोडकडे येतो.

दिवसा तुम्ही सावध असता कारण चारही बाजूंनी धोका दिसत असतो. रात्री नऊला रहाटे कॉलनी ओलांडली की रस्ता सुटतो, पाय आपोआप खाली जातो, आणि काटा ६० वर कधी गेला ते कळत नाही. पण रस्ता रिकामा झालेला नसतो, फक्त त्यातले संथ लोक दिसेनासे झालेले असतात. उलट्या बाजूने, दिवा बंद ठेवून येणारी टू-व्हीलर असते. दुभाजकाजवळ बसलेली गाय असते. आणि सर्वात जास्त धोक्याचे म्हणजे मेट्रोचे खांब. वर्धा रोडवर वर मेट्रो, मध्ये फ्लायओव्हर, खाली रस्ता असा डबल डेकर पूल झाला, ३.१४ किलोमीटरचा. खालून जाताना त्या जाड खांबांमागे उभा असलेला माणूस तुम्हाला दिसत नाही आणि त्यालाही तुम्ही दिसत नाही. तो एक पाऊल पुढे टाकतो तेव्हाच दोघं एकमेकांना बघता. यू-टर्नच्या तोंडाशीही हेच होतं. वळणारा खांबाच्या आडून नाक बाहेर काढल्याशिवाय येणारं वाहन बघूच शकत नाही. म्हणून खांबांच्या रांगेशेजारून जाताना, विशेषतः कुठे उघडा भाग दिसला की, ४० च्या खाली या आणि पाय ब्रेकवर नेऊन ठेवा. दाबायचा नाही, फक्त ठेवायचा. पाय हलवायला जो अर्धा सेकंद जातो तो वाचला तर ४० च्या वेगाला साडेपाच मीटर वाचतात, म्हणजे एका मोठ्या गाडीच्या लांबीहून जास्त. शक्य असेल तेव्हा डावीकडून दुसरी लेन धरा, खांबाला लागून असलेली नको.

फ्लायओव्हरवरून गेलात तरी वेगळी काळजी आहे. वर सगळे सुसाट असतात आणि उतरताना तोच वेग पायात राहतो, पण खाली पोचल्यावर समोर चौकातली रांग असते. सुटलेला वेग आणि थांबलेली गर्दी जिथे भेटतात ती जागा मला गर्दीपेक्षाही जास्त भीतीदायक वाटते. उताराला लागण्याआधीच पाय उचला, आरशात मागच्याचं अंतर बघा, आणि ब्रेक एकदम न मारता दोन-तीनदा हलका दाबा, म्हणजे मागच्याला तुमचे लाल दिवे लुकलुकताना दिसतात. समोरून कोणी अपर (हेडलाइटचा वरचा झोत) मारून आलं तर त्याच्या दिव्यात बघू नका, नजर रस्त्याच्या डाव्या कडेवर ठेवा आणि वेग कमी करा. तुम्ही स्वतः शहरात लोअरवरच चालवा.

मुलीबद्दल तुम्ही ओझरतं लिहिलंय, म्हणून स्पष्ट सांगतो. ती मागेच बसली पाहिजे, पट्टा लावून, रोज, शाळा दोन किलोमीटरवर असली तरी. १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा मुलांची सीट हवी, असं मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीपासून आहेच. पण कायद्यापेक्षा शरीराचा विचार करा. सहा वर्षांच्या मुलाला गाडीचा पट्टा मानेवरून आणि पोटावरून जातो. बूस्टर सीट घेतली की तो खांद्यावरून आणि कमरेच्या हाडावरून बसतो. मागच्या दारांना चाइल्ड लॉक लावा. शाळेसमोर तिला नेहमी फुटपाथच्या बाजूने उतरवा. आणि तुम्ही स्वतः उतरताना दार डाव्या हाताने उघडायची सवय करा. डावा हात उजव्या दाराकडे नेला की अंग आपोआप मागे वळतं आणि मागून येणारी सायकल किंवा स्कूटर दिसते.

मोबाइल पर्समध्ये, पर्स मागच्या सीटवर. मॅपवर रस्ता निघायच्या आधीच लावून ठेवा. वळण चुकलं तर चुकू द्या, पुढच्या चौकातून फिरा. चुकलेलं वळण साधण्यासाठी शेवटच्या क्षणी आडवं होणं फार धोक्याचं आहे.

काही दिवस गाडी काढूच नये असंही माझं प्रामाणिक मत आहे. तान्ह्या पोळ्याला मारबतीची मिरवणूक निघते तेव्हा इतवारी आणि महाल भागात, विजयादशमीला दीक्षाभूमीच्या परिसरात, हिवाळी अधिवेशनात मोर्चे असतील तेव्हा विधान भवनाकडे. त्या दिवशी जयप्रकाशनगर किंवा उज्ज्वलनगरला मेट्रो पकडा आणि कस्तुरचंद पार्कला उतरा. सदर तिथून जवळ आहे. इतवारीत खरेदीला जायचं तर मी एरवीही हेच सांगतो: बर्डीला मेट्रो बदला आणि चितार ओळी किंवा अग्रसेन चौकात उतरून पायी जा. त्या गल्ल्या गाडीसाठी नाहीत.

पावसाळ्यात नरेंद्रनगरच्या रेल्वे पुलाखाली पाणी दिसलं की तिथूनच वळा. पुढची गाडी गेली म्हणून आपण घालायची नाही. पाण्याखालचा रस्ता कसा आहे ते कोणालाच दिसत नाही. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओसंडून शहरात जे झालं ते ज्यांनी पाहिलं त्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही, पण तुम्ही नवीन आहात.

गाडी घासली आणि समोरचा अंगावर आला तर काच खाली अगदी थोडी, आवाज शांत, गाडी कडेला जिथे माणसं आहेत तिथे. भांडण चढलं तर ११२. कोणाला लागलं असेल तर आधी १०८, बाकी सगळं नंतर. दुसऱ्याचा अपघात दिसला तरी थांबून मदत करायला घाबरू नका. मदत करणाऱ्यावर त्या मदतीबद्दल खटला चालत नाही आणि नाव सांगायची सक्तीही करता येत नाही, हे संरक्षण मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ अ मध्ये दिलेलं आहे.

राहिला ऑटोमॅटिकचा प्रश्न. खिसा परवानगी देत असेल तर घ्या, बर्डीच्या गर्दीत डाव्या पायाचा ताण नक्की वाचेल आणि गाडी बंद पडण्याची लाज उरणार नाही. पण आत्ताच्या आत्ता नको. आधी दोन महिने हीच गाडी वर सांगितल्याप्रमाणे चालवा, कारण अंतर, आरसे आणि टू-व्हीलरचं चाक हे कुठल्याही गाडीत तुम्हालाच बघावं लागणार आहे. त्यानंतरही गिअर नकोसाच वाटला तर बदला. बदलल्यावर पहिला आठवडा मोकळ्या जागेत काढा. ब्रेकवरून पाय उचलला की बहुतेक ऑटोमॅटिक गाड्या आपोआप सरकायला लागतात, आणि सवयीने डावा पाय क्लच समजून ब्रेकवर पडतो. डावा पाय शेवटपर्यंत बाजूलाच टेकवून ठेवायचा, ब्रेक आणि अॅक्सिलरेटर दोन्ही उजव्याच पायाने.